पेटाऱ्यातली पानं

थोरली तापातून उठली तेव्हा सगळ्या घराने हुश्श केलं. गाल बसले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण आठवडा उलटायच्या आत ती पदर खोचून पुन्हा शेगडीपुढे उभी राहिली आणि खानावळीतल्या मंडळींच्या जिवात जीव आला. मधले दिवस धाकटीने रांधलं होतं. धाकटीच्या हाताला चव नव्हती असं नाही, पण तिला घाई फार. भात वाफेवर मुरायच्या आत ताटात यायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर जेवणारे घड्याळवाले एकदा न राहवून म्हणाले होते, "धाकट्या वहिनींचा भात चावायला दात हवेत. माझे निम्मे आधीच देवाघरी गेलेत."

"मग उरलेल्या निम्म्यांना कामाला लावा," धाकटीने ताट आपटत सांगितलं होतं.

तर थोरली परत आली आणि सगळं सुरळीत झालं, असं सगळ्यांना वाटलं. एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. ताप जाताना तिच्या नाकातली वास घ्यायची शक्तीच घेऊन गेला होता.

तिला हे कळलं ते दुधामुळे. पातेलं उतू जाऊन शेगडीवर करपत होतं, धाकटी बाहेरच्या खोलीतून ओरडली, "अहो जाऊबाई, दूध गेलं की!" आणि ही त्याच पातेल्यापासून हातभर अंतरावर कांदा चिरत उभी. "लक्ष नव्हतं गं," म्हणाली. मग दार लोटून तिने वेलदोडा फोडून हुंगला, लसूण ठेचून हुंगली, शेवटी हिंगाच्या डब्यात नाक घातलं. काही नाही. भिंत हुंगावी तसं.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, नाही येत तर नाही येत, चाखून बघू. पण थोरलीचा नेम होता. लग्नाआधीपासून, आईने लावलेला. शिजताना चाखायचं नाही. जे दुसऱ्याच्या पुढे ठेवायचं ते आधी आपल्या जिभेला लावायचं नाही. शेवटचा माणूस जेवून उठला की मग आपलं ताट. सकाळी शेगडी पेटवण्याआधी ती हात जोडायची आणि मनात तेवढंच म्हणायची, आज माझ्या हातून गेलेलं अन्न कोणाला बाधू नये. बाकी सगळं नाकावर चालायचं. मीठ कमी पडलं तर वाफेवरून कळायचं. कसं कळायचं ते तिलाही सांगता येत नसे. खानावळीत नवा माणूस आला की जुनी मंडळी मोठ्या कौतुकाने सांगत, बाई चाखत नाहीत हं, नुसत्या हुंगतात.

आणि आता हे असं.

सांगायला काय हरकत होती? धाकटी काही राक्षसीण नव्हती. जिभेने तिखट, पण थोरलीच्या तापात रात्रंदिवस तिनेच उशाशी बसून पट्ट्या बदलल्या होत्या. थोरलीला भीती होती ती वेगळीच. धाकटी मायेनेच म्हणाली असती, "बसा आता आतल्या खोलीत, आराम करा, पुष्कळ केलंत." त्या मायेलाच थोरली भ्यायली. नवरा जाऊन वर्षं लोटली होती, पोटी मूल नव्हतं. दीर भला, भाजी आणून टाकायचा आणि 'वहिनी, अजून काही?' एवढंच विचारायचा. या घरात कोणी तिला कधी परकं मानलं नव्हतं. पण तिची म्हणून जी जागा होती ती शेगडीपुढची अडीच फरशांची. तिथून एकदा उठलं की आतल्या खोलीतली खाट. मग खाटेवरून पुन्हा कोण उठतं?

म्हणून ती गप्प बसली आणि कान आणि डोळे यांवर निभावू लागली. कांदा रंगावर ओळखायचा, तेल तडतडण्यावर, भात पातेल्याच्या झाकणाच्या आवाजावर. मीठ मुठीच्या मापाने. गॅसचं बटण बंद केलं की परत येऊन बघायचं, आणि अंगणापर्यंत जाऊन पुन्हा परत यायचं. मंडळी जेवत होती. कोणी काही बोललं नाही. थोरलीला वाटलं, निभतंय.

परसात तमालपत्राचं झाड होतं. लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षी तिने रोपवाटिकेतून आणलेलं रोप, आता छपराच्या वर गेलेलं. वर्षातून एकदा ती त्याची जून पानं काढायची. कोवळी, फिकी पानं झाडालाच ठेवायची. गर्द, जाडसर, वर्षभर ऊन खाल्लेली तेवढी घ्यायची. सकाळी दव उडाल्यावर तोडायची, एकेक पान ओल्या फडक्याने पुसायचं, मग कोरड्याने. ताजं पान भांड्यात टाकलं तर कडू मारतं; वाळलं की त्याचा कडवटपणा जातो आणि आतलं तेल बोलायला लागतं. पण वाळवायचं सावलीत. उन्हात टाकलं की पान तपकिरी होतं, आणि चुलीत घालण्याच्याच लायकीचं उरतं. शिवाय सपाट राहायला वर वजन हवं, नाहीतर पानं पन्हळीसारखी वळतात आणि डब्यात मावत नाहीत.

इतकी वर्षं माडीवरच्या खोलीत, फळ्यांच्या मधे कागद घालून हे काम व्हायचं. यंदा माडीचं छत गळतं म्हणून गवंडी लागले होते. जिकडेतिकडे चुना आणि पावलांचे ठसे. थोरलीने घरभर नजर फिरवली आणि तिला आतल्या खोलीतला लाकडी पेटारा दिसला. त्यात घरातल्या सगळ्या रजया. अंधार आहे, कोरडं आहे, वजन आयतंच. रजयांच्या थरांमधे कागद, कागदात पानं. आपल्याच हुशारीचं तिला हसू आलं. रोज दुपारी ती पेटाऱ्याचं झाकण उघडायची, आत वाकून, डोकं पार खांद्यापर्यंत घालून पानं उलटायची, आणि समाधानाने झाकण लावायची.

पान तयार झालं की नाही हे ती एरवी मोडून हुंगून ठरवायची. यंदा कानाशी धरून मोडलं. मधली शीर कट्‌कन तुटली, तशी तिने पानांच्या जुड्या बांधल्या, पुड्या केल्या आणि दरवर्षीसारख्या आळीत वाटून आली. घड्याळवाल्यांना एक, शिंपीणबाईंना एक, दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या नव्या नवरीला एक, पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या थोरल्या नणंदेला एक. खानावळीसाठीची बरणी तिने पेटाऱ्यातच ठेवली. मागच्या वर्षीची पानं संपल्याशिवाय नवी उघडायची नाहीत, हाही तिचा एक नियम.

मग दोन-चार दिवसांनी, जेवायला आले की एकेकाला विचारलं.

"पानं कशी आहेत यंदा?"

"वा!" घड्याळवाले ताटात बघत म्हणाले. "वास म्हणजे... भरपूर आहे."

शिंपीणबाई म्हणाल्या, "बाई बाई, डबा उघडला की घरभर!"

थोरली सुखावली. नाक गेलं तरी हात गेला नव्हता.

नणंद रविवारी आली. दोन्ही भावांच्या वरची, ऐकू कमी यायचं, म्हणून जगालाच ऐकू कमी येतं अशा आवाजात बोलायची. धाकटी बाहेर वाढत होती. नणंदेने सरळ स्वयंपाकघरात येऊन कनवटीची पुडी काढली आणि ओट्यावर टाकली.

"थोरले, ही घे तुझी पानं. रजईत गुंडाळून वाळवलीस का?"

थोरलीच्या हातातला झारा थांबला. "वन्सं, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं! डांबरगोळ्यांचा वास येतोय सणसणीत. मी डब्यात टाकली तर माझा तांदूळ वाया गेला. तुला कशी गं नाही कळली?"

थोरलीने पुडी उचलली. उघडली. नाकाशी नेली आणि खोल श्वास घेतला. एकदा, मग परत एकदा. नणंद तिच्याकडे बघत होती. आवाज मोठा असला तरी तिची नजर बारीक होती.

"तुला येत नाही वास," ती म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली.

"सर्दी आहे."

"कधीपासून?"

बाहेर ताटं वाजत होती. धाकटी कोणाला तरी सांगत होती, "भात आणते, जरा दम धरा, पळून नाही चालला तो."

तेव्हा थोरलीला सगळं एकदम दिसलं. हिवाळा संपल्यावर धाकटीने रजया घडी करताना घड्यांच्या आत छोट्या पुरचुंड्या ठेवल्या होत्या. डांबरगोळ्या. झाकण उघडताच नाकात बसावा असा वास, आणि ती रोज त्यात डोकं घालून पानं उलटत होती.

"मी काही बोलणार नाही कोणाला," नणंद म्हणाली. "तुझं तू बघ. पण थोरले, दिलीस कोणाकोणाला? पोटात गेलं तर विषच ते."

थोरलीने शेगडीचं बटण बंद केलं, परत बघितलं, पिशवी घेतली. "अगं, जरा जाऊन येते," एवढंच धाकटीला सांगून ती मागच्या दाराने बाहेर पडली.

वाटेत तिने एक सबब शिवून ठेवली. पानांना बुरशी आली, परत द्या, दुसरी देते. बुरशी तर कोणाच्याही पानांना येते. त्यात नाकाचा काय संबंध? देव माफ करेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पण पाय थांबवले नाहीत.

घड्याळवाले रविवारीही दुकानात. डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात चिमट्याने काहीतरी शोधत होते, आणि चारी भिंतींवरची घड्याळं आपापली वेळ सांगत होती.

"वहिनी, तुम्ही इकडे?"

"पानांना बुरशी आलीय म्हणते मी. असतील तर परत द्या."

"बुरशी होय!" घड्याळवाल्यांचा चेहरा असा खुलला, जणू अडकलेलं घड्याळ चालू झालं. "मला वाटलं... नाही, काही नाही." ते उठले, मागच्या कपाटातून लोकरीचा कोट काढला आणि त्याच्या खिशातून पुडी.

"कोटात?"

"म्हणजे कसर लागू नये म्हणून..." ते बोलून गेले आणि जीभ चावली. "वहिनी, तुम्ही आत्ताच आजारातून उठलात. उगाच कशाला तुमचं मन..."

थोरलीने पुडी पिशवीत टाकली. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शिंपीणबाईंना पण. त्यांनी तर पानं धुऊन खिडकीत उन्हाला ठेवली होती, 'वास उडतोय का बघत होते' असं सांगताना शिलाई मशीनचं पायडल उगाच हलवत राहिल्या. सगळ्यांनी हिला जपलं होतं. वास भरपूर आहे, डबा उघडला की घरभर! एकही शब्द खोटा नव्हता. थोरलीला रडू यायला हवं होतं, पण तिला धाप लागली होती आणि अजून एक घर उरलं होतं.

कंपाउंडरचं बिऱ्हाड दवाखान्याच्या वर, लोखंडी जिना चढून. दोन खोल्या, त्यातल्या एकीत पाळण्याचे कोरे खांब भिंतीला टेकवून ठेवलेले. नवरी म्हणजे पोरसवदा मुलगीच, तिला सहावा महिना होता. माहेर लांब, तिकडे कोणी तमालपत्र वापरत नसत. इथे येऊन थोरलीकडून तिने पहिल्यांदा ते पान पाहिलं होतं. शेगडीवर भाताचं पातेलं चढलेलं.

"या ना काकू! बसा. चहा टाकू?"

"बसत नाही. पोरी, मी दिलेली पानं कुठायत?"

मुलीने उशीखाली हात घातला आणि पुडी काढली. उशीखालून!

"रोज झोपताना हुंगते," मुलगी लाजत म्हणाली. "काय सुरेख वास आहे हो. दुसरं काही नको वाटतं मला, जेवण पण नको, फक्त हा वास. हे चिडवतात. म्हणतात, गोळ्यांचा वास आहे, डांबरगोळ्यांचा. मी म्हटलं तुम्हाला औषधांशिवाय दुसरं काय कळतं? काकूंनी दिलीत ती."

"भातात टाकलंस का?"

"आत्ताच. एक पान. उकळी यायची आहे अजून."

थोरली शेगडीपाशी गेली, फडक्याने पातेलं धरलं आणि मोरीत उपडं केलं.

"काकू!"

"पानांना बुरशी आहे. ती पुडी दे इकडे."

मुलीने पुडी छातीशी धरली. "कुठे आहे बुरशी? मी एकेक पान पुसून बघितलंय. तुम्हीच सांगितलं होतं ना, पुसायचं म्हणून? किती छान आहेत. तुम्ही दुसऱ्या कोणाला द्यायची म्हणून मागताय का? असं नका करू. मला एवढीच एक गोष्ट गोड लागते सध्या."

"अगं, खराब आहेत ती."

"तुमची? तुमची पानं खराब कशी असतील? आख्खी आळी म्हणते, बाई हुंगून सांगतात. तुम्ही हुंगल्याशिवाय द्याल का?"

थोरलीने पदराने कपाळ पुसलं. बुरशीची सबब इथे चालत नव्हती. पोरीचा विश्वास तिच्या नाकावर होता, आणि तिथेच खरी पंचाईत. आत्ता ओढून पुडी घेतली, तर ही मुलगी उद्या पेटाऱ्यापर्यंत येऊन तोच वास मागून नेणार. नाहीतर नवऱ्याकडून डांबरगोळ्याच आणवणार.

ती खाली बसली. फरशीवरच.

"पोरी, मला वास येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे येतच नाही. तापात गेला. ही पानं मी रजयांच्या पेटाऱ्यात वाळवली, तिथे डांबरगोळ्या होत्या, आणि मला कळलंच नाही. तुझा नवरा खरं सांगतोय."

मुलगी हसली. मग हसायची थांबली. "थट्टा करताय."

"देवाशप्पथ."

"मग डोळे मिटा," मुलगी म्हणाली. थोरली आज्ञाधारकपणे डोळे मिटून बसली. पावलं वाजली, विळीचा आवाज झाला. "हे काय आहे?"

थोरलीने वाट पाहिली. पापण्यांच्या आत पाणी आलं. "कांदा. वास नाही आला, झोंबला."

"आणि हे?"

थोरलीने श्वास घेतला. नाकाशी काहीतरी आहे एवढं कळत होतं, कागदाची कड वरच्या ओठाला लागत होती. तिने पुन्हा श्वास घेतला, पोटापासून. लहानपणी देवघरात डोळे मिटून बसायची आणि काही दिसेना म्हणून घाबरायची, तसं झालं.

"नाही गं कळत."

डोळे उघडले तर मुलगी समोर उकिडवी बसलेली, पोट सांभाळत, हातात पुडी. तिचे डोळे भरले होते.

"पुडीच होती," ती म्हणाली. "दारातून येतो हो हिचा वास, काकू." आणि तिने ती थोरलीच्या पिशवीत टाकली.

"खाल्लं नाहीस ना एखादं?"

"नाही. नुसती हुंगायची."

"तरी आज खाली जा आणि डॉक्टरांना सगळं सांग. उशीखाली ठेवत होते म्हणून सांग. लाजू नकोस. आणि उशीचा अभ्रा धुवायला टाक."

मुलीने मान हलवली. थोरली जिना उतरताना वरून आवाज आला, "काकू, मग तुम्ही स्वयंपाक कसा करता?"

थोरली पिशवी सावरून घराकडे निघाली.

घरी पोचली तेव्हा शेवटची पंगत उठत होती. धाकटी खरकटी ताटं घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"हे काय आणलंत? पेटारा उघडलात की काय?"

थोरलीने पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दूध, कांदा, मुठीने मीठ, पेटारा, बुरशी, कंपाउंडरची बायको. सांगताना ती धाकटीकडे न बघता शेगडीच्या बटणाकडे बघत होती.

धाकटीने ताटं धाडकन खाली ठेवली. "गॅस सुटला असता तर? मी विचारते, गॅस सुटला असता तर? दार लोटून आत एकट्या उभ्या असता तुम्ही! कळलं असतं तुम्हाला? कपाळ कळलं असतं! जळून कोळसा झाला असता आणि मी बाहेर भात वाढत बसले असते!"

"मी परत परत बघत होते बटण."

"बघत होत्या म्हणे! अहो तोंड आहे ना? मला सांगायला काय झालं होतं? मी कोण आहे तुमची, वैरीण?"

"तू मला आत बसवलं असतंस," थोरली म्हणाली.

धाकटी पिशवी आणि पेटाऱ्यातली बरणी उचलून परसात गेली, आणि बराच वेळ कुदळीचा आवाज येत राहिला. ती पानं पुरत होती. झाडापासून लांब, कुंपणाशी.

संध्याकाळी दिराने एकदा 'वहिनी, अजून काही?' विचारलं आणि बायकोचा चेहरा बघून तो भाजीच्या पिशवीसकट बाहेर निघून गेला.

सकाळी थोरली उठली, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि स्वयंपाकघरात न जाता खाटेवर येऊन बसली. कोणी जा म्हणण्याआधी आपणच बसावं. हात मांडीवर ठेवले. हातांना काही काम नाही म्हटल्यावर ते किती म्हातारे दिसतात, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

दारात धाकटी उभी. "काय, पाहुण्या आहात? उठा. मी एकटी काय काय करू?"

थोरली स्वयंपाकघरात आली. बाहेरच्या खोलीत ज्या पाटावर बसून धाकटी इतकी वर्षं भाजी चिरायची, तो पाट, विळी आणि भाजीची पाटी, सगळं शेगडीच्या शेजारी येऊन बसलं होतं.

"मी आता इथे बसणार," धाकटी म्हणाली. "गॅसचं बटण मी फिरवणार, त्याला तुम्ही हात लावायचा नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा. आणि काय हुंगायचं ते मला सांगा, ताई."

ताई ती थोरलीच्या तापात म्हणायची. एरवी जाऊबाई.

थोरलीने हात जोडले. दोघींनी मिळून शेगडी पेटवली.

त्याच आठवड्यात थोरलीने पुन्हा पानं तोडली. झाड उदार होतं, अजून पुष्कळ जून पानं होती. माडी कोरडी झाली होती. फळ्या पुसल्या, कागद घातले, वर विटा ठेवल्या. आता रोज दुपारी दोघी वर जायच्या. थोरली पान कानाशी धरून मोडायची आणि धाकटीच्या नाकाशी न्यायची.

"कसा येतो?"

"चांगला येतो."

"चांगला म्हणजे? ओला की कोरडा?"

"वास ओला कसा असेल, ताई?"

"असतो. गवत कापल्यासारखा येतो का?"

धाकटीने डोळे मिटून नाकपुड्या फुगवल्या. उभ्या जन्मात तिने एखादा वास एवढा वेळ घेतला नसेल. "थोडा गवतासारखा. आणि मागून... कोऱ्या लाकडाच्या पेटीसारखा. थोडा लवंगेकडे जातो."

थोरली ऐकत होती. मान किंचित कलती करून, दुसऱ्या खोलीतलं गाणं ऐकावं तशी. "गवत जाऊ दे," ती म्हणाली. "लाकूड राहू दे. मग काढू."

पहिली पुडी कंपाउंडरच्या बायकोला गेली. डॉक्टरांनी तिला तपासून काळजीचं काही नाही म्हणून सांगितलं होतं. अभ्रेही दोनदा धुऊन झाले होते. तिने पुडी उघडली, हुंगली आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"याला तर काहीच मजा नाही, काकू."

धाकटी भिंतीला धरून हसली.

मिठाचा प्रश्न मात्र तसाच राहिला. नेम मोडायला थोरली तयार नव्हती आणि धाकटीलाही तिने चाखू दिलं नाही; या शेगडीवरचं अन्न कोणी उष्टं करायचं नाही म्हणजे नाही. धाकटी रश्श्याच्या वाफेत तोंड घालून बसायची आणि म्हणायची, "मला मिठाचा वास येत नाही हो, कोणालाच येत नसेल, तुम्हाला काहीतरी वेगळंच येत होतं." एके दुपारी दोघींनीही, एकमेकींना न सांगता, मीठ घातलं.

घड्याळवाल्यांनी पहिला घास घेतला. पाणी प्यायले. दुसरा घेतला, पुन्हा पाणी. थोरली दाराआडून बघत होती. मग ती पदर सावरून सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"कसा झालाय रस्सा?"

ते सवयीने 'वा' म्हणायला गेले. तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं. कोटाच्या खिशातली पुडी दोघांनाही आठवली असावी.

"खारट आहे, वहिनी," ते म्हणाले. "समुद्र आहे. आणि खरं सांगू? दोन महिने झाले, काही ना काही कमी-जास्तच आहे."

आख्ख्या खोलीतले हात थांबले. शिंपीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

थोरलीचा चेहरा मात्र उजळला. "मग सांगत का नाही!" ती म्हणाली. आणि आत वळून हाक मारली, "अगं, दोन बटाटे चिर लवकर, आणि पाणी घाल. यांना भूक आहे."